पाय टेकवू नका

जखम भरून आता वर्ष होत आलं, तरी भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "मलम कुठलं लावलंत?" सांगलीत राहून हळद लावली नाही म्हटलं की लोक संशयाने बघतात. मलम नावाला होतं. मधुमेहामुळे झालेली माझ्या पायाची जखम भरली ती त्या पायावर वजन टाकायचं थांबवल्यामुळे. आणि खानावळ चालवणाऱ्या बाईच्या पायावरचं वजन थांबवायचं म्हणजे काय, ते आमच्या घराला विचारा. औषधांबद्दल सगळे बोलतात, या भागाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

विश्रामबागेत आमची खानावळ आहे. कॉलेजची मुलं, बदलीवर आलेले दोन-चार नोकरदार आणि बाहेर जाणारे डबे. पहाटे पाचला गॅस पेटतो आणि रात्री साडेदहाला ओटा पुसून होतो. मधल्या वेळात मला बसलेली कोणी पाहिलेली नाही. मधुमेह सतरा-अठरा वर्षांचा. गोळ्या चालू होत्या, मधूनमधून वाढतही होत्या, पण तीन महिन्यांची सरासरी, ती एचबीएवनसी म्हणतात ती, साडेनऊ-दहा टक्क्यांच्या घरातच. सगळ्यांची पानं उठल्यावर साडेतीनला दुपारचं जेवण, रात्रीचं अकराला. दवाखान्यात गेलं की वजन व्हायचं, बीपी व्हायचं, रिपोर्ट बघून चिठ्ठी मिळायची. चप्पल काढा, तळवा दाखवा असं त्या सगळ्या वर्षांत कोणी म्हटलं नाही. २०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं आलं होतं. त्यातल्या किती जणांचा पाय कुठल्या डॉक्टरने हातात धरून बघितला असेल, कोण जाणे.

सुरुवातीला रात्री पायांना मुंग्या यायच्या, आग व्हायची. ओल्या फरशीवर तळवे टेकून बसलं की बरं वाटायचं. मग वर्ष-दोन वर्षांत ती आग आपोआप कमी झाली आणि घरात सगळ्यांना वाटलं, गोळ्या लागू पडल्या. त्याच सुमाराला एक गंमत सुरू झाली. चालता चालता चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि मी तशीच चार पावलं पुढे गेलेली असायची. जेवायला बसलेली मुलं हसायची, "काकू, तुमची चप्पल दमली." मीही हसायची. ती नसा गेल्याची खूण होती, हे नंतर मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. आग थांबली याचा अर्थ तक्रार करणारी नसच संपत आली होती.

डाव्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, एक कुरूप होतं. मेडिकलमधून कुरूपाची पट्टी मिळते, तिच्यात कातडी गाळणारं सॅलिसिलिक अॅसिड असतं. ज्याला दुखतं तो चुरचुरलं की पट्टी काढून टाकतो. मला चुरचुरलंच नाही. कातडी पांढरी पडून सुटली. दुखतंय का, असं घरात रोज विचारायचे, आणि नाही म्हटलं की विषय संपायचा. एके दिवशी पोळ्या लाटणारी आमची मदतनीस ओरडली, "वहिनी, फरशीवर बघा!" ओट्यापासून पाण्याच्या पिंपापर्यंत माझ्या डाव्या पावलाचे लाल ठिपके उमटले होते. बसून पाय वर केला तर हरभऱ्याएवढं भोक.

मग नेहमीचं सुरू झालं. ड्रेसिंग, अँटिबायोटिकचा कोर्स, "ओलं करू नका." शेजारणीने हळद-तूप सांगितलं, सासूबाईंनी कोरफड, कोणी मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवायला सांगितलं. हे शेवटचं तर फारच वाईट. ज्या पायाला कढत कळत नाही तो पाय गरम पाण्यात शिजून निघाला तरी मालकाला पत्ता लागत नाही. उपाय रोज नवा होता आणि चालणं जुनंच. दुखत नव्हतं, मग थांबायचं कशाला? महिनाभराने जखमेला वास यायला लागला, तेव्हा मुलाने काही ऐकून न घेता गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं.

तिथे मधुमेही पायाचेच पेशंट बघणारे एक डॉक्टर आहेत. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी रिपोर्टची पिशवी बाजूला ठेवली आणि आधी दोन्ही पाय मांडीवर घेतले. मला संकोच झाला, पाय मागे ओढला, तर म्हणाले, "काकू, पोटापाण्यासाठी मी पायच बघतो, राहू द्या."

मग म्हणाले, डोळे मिटा, जिथे स्पर्श कळेल तिथे हो म्हणा. मी डोळे मिटून बसले. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर कोणाचं तरी पोर रडत होतं. बराच वेळ काही होईना, तेव्हा मीच म्हटलं, "करा सुरू." ते म्हणाले, "झालंसुद्धा." मुलाने मोबाइलवर शूटिंग केलं होतं, ते दाखवलं. दांडीला आडवा लावलेला नायलॉनचा एक धागा. १० ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. डॉक्टरांनी तो अंगठ्याला, करंगळीला, चवड्याला, टाचेला, दोन्ही पायांना टेकवला, प्रत्येक ठिकाणी वाकवला, आणि मी डोळे मिटून देवळात बसल्यासारखी गप्प. ते शूटिंग मी घरी पुन्हा पुन्हा लावून बघितलं. स्वतःचा पाय असा परक्याचा असल्यासारखा बघायला मिळणं काही बरं नाही.

त्यानंतर कंपन मोजायचं यंत्र. बोंडी अंगठ्याला लावून व्होल्ट वाढवत नेतात. २५ व्होल्टपर्यंतही कळलं नाही तर जखमेचा धोका मोठा समजतात. माझ्या बाबतीत यंत्राचा आकडा संपला, कंपन काही कळलं नाही. मग रक्तपुरवठा. घोट्याच्या आणि दंडाच्या प्रेशरचं गुणोत्तर काढतात, ते ०.९ च्या खाली आलं की रक्तवाहिन्या तुंबल्यात असं मानतात. माझं १.४ च्या वर आलं. मुलगा खूश झाला, वर आलंय म्हणून. डॉक्टर म्हणाले, हा आकडा फसवतो. मधुमेहात घोट्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या इतक्या टणक होतात की पट्ट्याने दबतच नाहीत, मग आकडा खोटाच मोठा येतो. म्हणून अंगठ्याला छोटा पट्टा लावून तिथलं प्रेशर वेगळं मोजलं. ते पुरेसं होतं. त्या दिवसातली पहिली चांगली बातमी.

मग ब्लेड घेऊन त्यांनी कुरूपाच्या कडा तासायला घेतल्या. भूल दिली नाही, लागणारच नव्हती. मी मान वाकवून बघत होते. पिवळट कातडीच्या पातळ चकत्या ट्रेमध्ये पडत होत्या आणि वरून हरभऱ्याएवढं दिसणारं भोक आत रुपयाएवढं पसरलेलं उघडं पडत होतं. आमचे हे बाहेर जाऊन उभे राहिले. डॉक्टर तासता तासता बोलत होते. नसा जातात त्या फक्त दुखणं कळवणाऱ्या नाहीत. पंजातले बारीक स्नायू हलवणाऱ्याही जातात, मग बोटं वर आखडतात आणि चवड्याची हाडं खाली उतरतात. घाम आणणाऱ्याही जातात, मग कातडी कोरडी पडून भेगाळते. खाली उतरलेल्या हाडावर प्रत्येक पावलाला भार येतो, तिथली कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, आणि जाड झालेली कातडीच चपलेत अडकलेल्या खड्याचं काम करते. आतलं मांस ठेचलं जातं. "दुखणाऱ्या पायाचा माणूस लंगडतो, काकू. त्या लंगडण्यानेच त्याची जखम भरते. तुम्ही ताठ चालत होता."

हे वाक्य मला सगळ्यात लागलं. सगळे कौतुक करायचे, एवढी जखम घेऊन बाई उभी आहे म्हणून.

जखम साफ झाल्यावर एक बोथट सळई आत घालून बघितली. हाडाला टेकली तर खट्टकन कळतं आणि हाडापर्यंत लागण गेल्याचा संशय घेतात. टेकली नाही. एक्स-रेही ठीक होता, पण हाडाची लागण एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे तो पुन्हा काढायचा ठरला. तपासायला पाठवला तोही वरचा पू नाही, तासल्यानंतर खोलातून काढलेला मांसाचा तुकडा. वरच्या पुवात कातडीवरचे सगळेच जंतू सापडतात, खरा गुन्हेगार कळत नाही. त्या रिपोर्टवरून औषध बदललं आणि लागण उतरली.

यांनी आत येऊन विचारलं, "मग मलम कुठलं?"

डॉक्टर म्हणाले, "पाय टेकवू नका."

"ते झालंच हो, पण औषध?"

"तेच औषध आहे."

तिथेच त्यांनी पॉल ब्रँड यांची गोष्ट सांगितली. १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेला हा इंग्रज मिशनऱ्यांचा मुलगा १९४६ मध्ये सर्जन म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला आणि पुढे कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करू लागला. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवलं की रोग संवेदना नेतो, बोटं जातात ती रोजच्या चालण्यातल्या आणि कामातल्या न कळलेल्या इजांनी. तळपायाच्या जखमांना पायाबरहुकूम प्लास्टर घालून, भार सगळ्या पायावर वाटून त्या भरून येतात, हेही त्या पेशंटांमध्येच दिसून आलं. १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून हे तंत्र मधुमेहींच्या पायांसाठी पसरलं. मला ही गोष्ट फार आवडली. मिरजेत कुष्ठरोग्यांचं जुनं रुग्णालय आहे, लहानपणी त्या बाजूला जाऊ नको म्हणायचे. आता माझा पाय त्यांच्याच पायांवर शिकलेल्या इलाजाने वाचणार होता.

प्लास्टर घालतात ते हाड मोडल्यावर घालतात तसलं नाही. मला पालथं झोपवलं, गुडघा दुमडून तळवा छताकडे. जखमेवर साधं ड्रेसिंग. बोटांच्या मध्ये कापूस, बोटांवर मऊ फोम, नडगीच्या हाडावर आणि घोट्यांवर फेल्टच्या पट्ट्या, बाकी कापूस अगदी कमी, कारण कापूस जास्त झाला की तो बसतो आणि पाय आत सरकायला लागतो. मग ओल्या प्लास्टरचा पहिला थर, आणि तो वाळेपर्यंत डॉक्टर दोन्ही तळहातांनी माझ्या तळव्याला, खोबणीला, पोटरीला चोळत राहिले. प्रत्येक खड्ड्या-उंचवट्याला प्लास्टर चिकटलं पाहिजे, म्हणजे भार एका चवड्यावर न येता सबंध तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. वरून फायबरचा कडक थर आणि खाली रबराची टाच.

घरी आल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जखम कोंडून घातली? वारा लागायला नको?" सांगलीतल्या निम्म्या लोकांनी नंतर हेच विचारलं. जखमेला वाऱ्याची गरज नसते, ती ओलसर आणि झाकलेली असली की लवकर भरते. पण हे सांगायला मी कोण! पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांतच कापलं, कारण सूज उतरली की ते सैल होतं आणि सैल प्लास्टर नवी जखम करतं. पुढे आठवड्याला एक. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं: ताप आला, वास आला, बाहेर डाग दिसला, बोटांचा रंग बदलला, पाय आत हलायला लागला किंवा साखर कारण नसताना एकदम चढली, तर वार बघू नका, त्याच दिवशी या. दुखेल तेव्हा येऊ म्हणाल तर कधीच येणार नाही.

आता खरी गोष्ट. प्लास्टर घातलं म्हणजे चालायला मोकळीक, असं मला वाटलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं, संडास, आंघोळ, जेवण, बस्स. त्याआधी एकदा मुलाने मोबाइल माझ्या कमरेच्या पिशवीत टाकून सकाळची पावलं मोजली होती. ओटा, पाण्याचं पिंप, पानं आणि दार, एवढ्यातच पाच हजारांच्या वर गेली होती.

ओट्याजवळ उंच स्टूल आलं. आमचा संडास भारतीय पद्धतीचा, त्यावर ठेवायची खुर्ची आली. आंघोळीला पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून पाय दुसऱ्या स्टुलावर. प्लास्टरने डावा पाय उंच झाला आणि कंबर दुखायला लागली, तेव्हा उजव्या चपलेला खालून जादा तळ ठोकून घेतला. हे सगळं जमलं. न जमणारी गोष्ट वेगळीच होती: बसून सांगणं. तीस वर्षं हातांनी केलेलं काम तोंडाने करायला लागलं. आमटीला किती तिखट, हे मला सांगता येत नाही, मला ते घालता येतं. पहिल्या आठवड्यात आमटी खारट, भाजी करपलेली, डबे उशिरा. दोन नोकरदार गेले ते गेलेच. रात्रीच्या पोळ्या बंद करून भात-आमटी केली. मुलांनी आपापली ताटं घासायला घेतली, कोणी सांगितलं नव्हतं. आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा भाजी मंडईत जाऊन दोडका समजून घोसाळं घेऊन आले. सासूबाईंचं वय ऐंशीच्या घरात, त्या पाटावर बसून लसूण सोलायच्या आणि मी स्टुलावरून उठायला गेले की, "बस खाली!" लग्न करून आले तेव्हा बसले की उठवायच्या, आता उठले की बसवायच्या.

दर आठवड्याला प्लास्टर कापलं की डॉक्टर जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने तिची कड आखायचे. कागदावर कागद ठेवला की आकार आत सरकत चाललेला दिसायचा. मलम लावलं त्या महिन्यात ज्या जखमेने ढिम्म हालचाल केली नव्हती, ती डोळ्यांदेखत मिटत होती. एका आठवड्यात मात्र रेघ होती तिथेच. डॉक्टरांनी प्लास्टरची रबरी टाच उलटी करून बघितली, ती घासून तिरकी झाली होती. मला न विचारता मुलाला विचारलं, "घरी गौरी बसल्या होत्या का?" बसल्या होत्या. सोळा भाज्या आणि पुरणपोळी. गौरी जेवायच्या दिवशी घरची बाई स्टुलावर बसून राहते, असं घर मला दाखवा.

पायाच्या निमित्ताने बाकीचंही उकरलं गेलं. किडनीसाठी बघतात ते रक्तातलं क्रिएटिनिन दरवर्षी नॉर्मल येत होतं, पण लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कधी तपासलेलंच नव्हतं. लघवीतल्याच क्रिएटिनिनच्या प्रमाणात ते ३० च्या आत हवं, माझं शंभराच्या पुढे. किडनीची चाळणी गळायला लागल्याची ती पहिली खूण, क्रिएटिनिन बिघडतं ते फार पुढे. त्यासाठी बीपीची गोळी बदलली. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करून पडदा बघितला, तर बारीक रक्ताचे ठिपके, लेसरपर्यंत गेलेले नाहीत पण आहेत. मला दिसायला कसलीही अडचण नव्हती. पाय, किडनी, डोळा, तिन्ही ठिकाणी तीच चाल: दुखत नाही, खुपत नाही, आतून चालू.

साखरेसाठी रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. इन्सुलिन म्हणजे शेवट, असा आमच्याकडे समज आहे आणि तो काढायला मला वेळ लागला नाही, कारण सुई टोचून घेण्यापेक्षा स्टुलावर बसणं जास्त अवघड होतं. पण एक गोष्ट मात्र विचित्र झाली. साखर खाली यायला लागली आणि वर्षानुवर्षं थंड पडलेल्या पायांची आग परत आली, पूर्वीपेक्षा जास्त. रात्री चादरीचा स्पर्श नको व्हायचा. शेजारीण म्हणाली, बघा, इन्सुलिन सोसलं नाही. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं वाढलेली साखर झपाट्याने उतरली की नसा अशा पेटतात. ती एचबीएवनसीची सरासरी तीन महिन्यांत दोन टक्क्यांहून जास्त खाली आली तर हे होऊ शकतं, आणि डोळ्यांचे ठिपकेही काही काळ वाढू शकतात. म्हणून त्यांनी डोस सावकाश चढवला, आगीसाठी प्रीगॅबलिन दिलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकरची तारीख मागितली. काही महिन्यांत आग बसली. हे आधी माहीत नसलं तर माणूस इथेच इन्सुलिन सोडतो. सोडूही नये, कारण ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं चाललेल्या, यूकेपीडीएस नावाच्या मधुमेहींवरच्या अभ्यासात ती सरासरी एका टक्क्याने कमी असली की बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्के कमी दिसले होते. गेलेली नस यातून परत येत नाही. माझा तळवा आजही बधिरच आहे.

दोनेक महिन्यांनी जखम मिटली. मी पेढे घेऊन गेले, साखर असलेले, डॉक्टरांना चालतात. ते म्हणाले, "बरी झाली म्हणू नका, सध्या बंद आहे म्हणा." अशा जखमा वर्षभरात शंभरातल्या चाळीस जणांना पुन्हा होतात, पाच वर्षांत पासष्ट जणांना. हाड तिथेच आहे, नस गेलेलीच आहे. विम्याचे पैसे मिळाले नाहीत, कारण मी भरती झाले नव्हते. पाय कापायला भरती झाले असते तर मिळाले असते, असं मुलगा म्हणाला आणि मी त्याला चिमटा काढला.

मग चपला. मिरजेतले एक कारागीर पूर्वी कुष्ठरोग्यांसाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला बनवायचे, आता निम्मी गिऱ्हाइकं मधुमेही. त्यांनी शाईच्या जाळीवर मला उभं केलं, कागदावर ठसा उमटला, जिथे भार जास्त तिथे शाई काळी. त्या काळ्या डागाखाली तळातून रबर कोरून काढलं, मागे पट्टा लावला म्हणजे निसटणार नाही. अंगठ्यात अडकवायची चप्पल कायमची बंद. माहेरच्या कोल्हापुरी चपला होत्या, त्या भाचीला दिल्या.

आणि चप्पल घालायची ती घरातही, स्वयंपाकघरातही. इथे आमच्या घरात दोन दिवस शांतता पसरली. देवघर स्वयंपाकघरातच आहे. चपला घालून चुलीपाशी, देवापुढे? मी घरासाठी वेगळा जोड केला, जो उंबऱ्याबाहेर जात नाही. तरी पहिल्या दिवशी पाय आत टाकताना अवघडल्यासारखं झालं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी बघते तर त्यांनी तो जोड साबणाने धुऊन तुळशीजवळ उन्हात ठेवला होता. आता रोज धुतात, मला हात लावू देत नाहीत. गणपती मंदिरात मात्र मी अजून आत जात नाही. फरशी दुपारची तापते आणि मला ते कळणार नाही. बाहेरूनच हात जोडते, आणि ओळखीचं कोणी भेटलं की त्यांना वाटतं, बाईला सोयर-सुतक आहे.

रोज रात्री तळवे आरशात बघते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत का, नखुरडं आहे का, टाचेला भेग आहे का. भेगांना मलई लावते, बेचक्यात लावत नाही, तिथे ओल राहून कातडी कुजते. करोनात घेतलेला कपाळावर धरायचा तापमापक पडून होता, तो सरफेस मोडवर ठेवून दोन्ही चवडे मोजते. नेमकं तापमान महत्त्वाचं नाही, दोन पायांतला फरक बघायचा. एकाच जागी २.२ अंश सेल्सियसहून जास्त फरक सलग दोन दिवस राहिला तर चालणं कमी करायचं आणि दाखवायला जायचं. कातडी फुटायच्या आधी ती तापते. एकदा उजवा चवडा असा तापलेला निघाला. कुठे काही दिसत नव्हतं. मिरजेत जाऊन घट्टा तासून घेतला, दोन-चार दिवस स्टुलावर बसले, उतरला. आता महिना-दीड महिन्याने तासायला जातेच, केस कापायला जावं तसं.

परवा पोळ्या लाटणाऱ्या आमच्या मदतनीसला स्टुलावर बसवलं. तिला सहा-सात वर्षांपासून साखर आहे, गोळ्या सरकारी दवाखान्यातून आणते. डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या पायाच्या बोटांच्या टोकांना माझं बोट हलकेच टेकवत गेले, दोन्ही पायांची पहिली, तिसरी आणि पाचवी. धागा नसला तर घरच्या घरी एवढं करता येतं, सहापैकी दोन जागी कळलं नाही तर दाखवायला जायचं. तिला तीन जागी कळलं नाही. "वहिनी, पण मला काही त्रासच नाही," ती म्हणाली. येत्या गुरुवारी तिला घेऊन मिरजेला जायचं आहे. त्या दिवशी डबे नऊच्या आत निघाले पाहिजेत, आणि आमटी हे करणार आहेत.